चौदा बरण्या आणि एक कडक झालेला वायसर

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तेच म्हणेन. वय साठीच्या पुढे, पाइपची सवय तीसेक वर्षांची, दिवसाला एक पाइप. मी स्वतः ओढत नाही आणि त्यांनीही सोडावा असं मला वाटतं, हे त्यांना माहीत आहे. तंबाखू मुरली की चव मऊ होते, तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका मऊ होत नाही. तरी त्यांनी मला बोलावलं, कारण माझं काम ओलाव्याचं. बंद डब्यातल्या कोरड्या मालात पाणी किती, ते कुठून आलं आणि कुठे गेलं, हे शोधण्यात माझा दिवस जातो.

त्यांनी मला बोलावलं त्याच्या दीड वर्ष आधी काकांनी एकदम २.८ किलो तंबाखू घेतली. आवडीचं मिश्रण अचानक मिळेनासं होतं, हा अनुभव त्यांना दोनदा आला होता. शिवाय तंबाखू घरी मुरवून बघायची हौस होतीच. सगळा माल ५० ग्रॅमच्या डब्यांतला. एकेका बरणीत चार डबे रिकामे केले, म्हणजे २०० ग्रॅम. अशा १४ बरण्या. हा चार डब्यांचा हिशोब पुढे फार कामाला आला.

पाच बरण्या व्हर्जिनियाच्या, दाबून कापलेल्या फ्लेकच्या. पाच इंग्लिश मिश्रणाच्या, म्हणजे व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि धुरावर तयार केलेली लटाकिया. उरलेल्या चार सुगंधी मिश्रणाच्या, वाफवून दाबलेली काळी कॅव्हेंडिश आणि वरून व्हॅनिलाचा वास.

मुरण्याच्या बाबतीत या तिघी एका माळेच्या नाहीत, आणि काकांना ते पक्कं ठाऊक होतं. व्हर्जिनिया नळ्यांतून तापवलेल्या कोठारात सुकवतात, त्यामुळे पानातली साखर टिकते. बंद बरणीत तिचंच हळूहळू रूपांतर होत राहतं, पान गडद होतं, वासाला मनुकांसारखी गोडी येते. बर्ली ही तंबाखूची आणखी एक जात, ती साध्या हवेवर वाळते, तिच्यात साखर फारशी उरत नाही, म्हणून ती एकटी ठेवली तर कमी बदलते. लटाकिया मूळची सिरियाची, हल्ली येते ती सायप्रसची. काळ जातो तसा तिचा धूर उतरत जातो. काहींना तो उतरलेलाच आवडतो. सुगंधी मिश्रणात मात्र चव बरीचशी वरून दिलेल्या अर्काची असते, आणि अर्क मुरत नाही, उडतो. एवढं सगळं मला समजावून सांगणाऱ्या माणसाने सुगंधी मिश्रणाच्या चार बरण्या मुरायला का ठेवल्या, असं विचारलं तर म्हणाले, "अरे, बरण्या रिकाम्या होत्या घरात."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

तक्रार काय होती

फोनवर दोनच शब्द, "बुरशी आली." गेलो तर फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर बरण्या ओळीने मांडलेल्या. समोर खिडकी. दुपारी तासभर ऊन थेट बरण्यांच्या खांद्यावर यायचं. चिठ्ठी सहा बरण्यांवर होती, तारीख एकीवरही नाही.

व्हर्जिनियाच्या पाचही बरण्या नव्या होत्या, दोन तुकड्यांच्या धातूच्या झाकणांच्या. वर चपटी चकती आणि तिला आवळणारी आट्यांची कडी. (आट्यांच्या काचेच्या बरणीचं पेटंट जॉन लँडिस मेसनने १८५८ साली घेतलं. तंबाखूवाले आजही तिला त्याच्याच नावाने ओळखतात.) इंग्लिश मिश्रण तारेच्या खटक्याच्या बरण्यांत होतं, काचेचं झाकण आणि मध्ये रबरी वायसर. सुगंधीपैकी एक बरणी तशीच खटक्याची, आणि तीन जुन्या फिरकीच्या झाकणांच्या. नव्या पाच सोडल्या तर बाकी नऊ घरात पूर्वीपासून पडून होत्या.

मी डावीकडून उजवीकडे १ ते १४ क्रमांक टाकले. तक्रारी चार. क्रमांक ३, व्हर्जिनिया, फ्लेकवर पांढरे ठिपके. क्रमांक ८, इंग्लिश, हात लावला की कुरकुरते. क्रमांक १२, सुगंधी, वरच्या थरावर काचेला लागून करडा कापूस. क्रमांक १४, तीही सुगंधी, पण व्हॅनिलाऐवजी धुराचा वास.

काकांचं निदान तयार होतं. खोलीची हवा दमट, म्हणून सगळं सादळलं. ३ आणि १२ फेकायच्या, उरलेल्या बरण्यांत आर्द्रता सांभाळणाऱ्या पुड्या टाकायच्या, संपला विषय. मी विचारलं, "काका, हवा दमट असेल तर आठ नंबरची कोरडी कशी पडली?" ते म्हणाले, "तेच तर तुला विचारायला बोलावलं."

पहिला निर्णय, आणि तो माझा चुकला

मी म्हणालो, सगळ्या उघडून बघू. कामावर आम्ही असंच करतो, नमुना काढल्याशिवाय बोलत नाही. १ उघडली. चकतीखाली टोक घालून उचलताना बारीकसा टक आवाज झाला आणि आत हवा ओढली गेली. २ उघडली, पुन्हा तेच. ३ उघडली. काका गप्प झाले होते. मग म्हणाले, "हा आवाज मी पाच वर्षांनी ऐकणार होतो."

ते बरोबर होते. ताजी तंबाखू बरणीत बंद केली की वरच्या मोकळ्या जागेतला प्राणवायू सुरुवातीच्या काळात वापरला जातो, त्यामुळे आतला दाब जरा उतरतो आणि चकती आत ओढली जाते. पुढचे बदल त्या जवळपास बिनप्राणवायूच्या हवेत संथपणे चालतात. झाकण उघडलं की साठलेला वास बाहेर जातो आणि ताजी हवा आत. "पुन्हा पहिल्यापासून" असं काही पाइपवाले म्हणतात, ते मला अतिशयोक्त वाटतं, कारण दीड वर्षात पानात झालेले बदल काही उलटे फिरत नाहीत. पण तोटा होतो एवढं नक्की, आणि तो १ आणि २ च्या बाबतीत मी विनाकारण केला. चकती आत ओढलेली आहे की नाही हे बोटाने दाबून कळलं असतं. दाबल्यावर ती खालीवर टिकटिक करत नसेल, तर बरणी घट्ट. काचेतून ठिपके दिसत नव्हते. उघडायचं कारणच नव्हतं.

४ आणि ५ मी परत फळीवर ठेवल्या. त्या आजतागायत बंद आहेत.

पांढरे ठिपके

काकांना सगळ्यात जास्त भीती ३ ची होती. त्यांनी मनाने ती फेकूनही दिली होती. म्हणून तिच्यावर वेळ घालवला.

एक फ्लेक पांढऱ्या कागदावर ठेवला. खोलीतला दिवा बंद, विजेरी आडवी धरून उजेड पृष्ठभागाला घासून जाईल असा, आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग. ठिपके सगळ्या फ्लेकवर सारखे विखुरलेले होते, कडेला जास्त नाहीत आणि मध्ये कमी नाहीत. उजेड हलवला की चमकत होते. भिंगातून बारीक कण दिसले, टोकदार, मिठाच्या चुऱ्यासारखे. कुठेही तंतू नाही, कापसासारखा फुगवटा नाही. टाचणीच्या टोकाने पाण्याचा थेंब सोडला तर एक ठिपका विरघळून गेला. वास कुबट नव्हता. आंबूस-गोड होता, हलकासा व्हिनेगरकडे जाणारा, जो मुरणाऱ्या व्हर्जिनियाला येतोच.

हे स्फटिक. पानातल्या साखरेसारखे विरघळणारे पदार्थ आणि आम्लांचे क्षार काळाने पृष्ठभागावर येऊन बसतात, आणि जुन्या व्हर्जिनियात हे दिसणं नवलाचं नाही. मुरवणारे लोक ते दिसलं की खूश होतात.

तुलनेसाठी १२ मधली चिमूट चिमट्याने काढली. तिथला पांढरा रंग उजेडात मंदच राहिला. भिंगाखाली जाळं, तंतू एका काडीवरून दुसरीवर गेलेले, मध्येमध्ये करडी टोकं. ठिपके विखुरलेले नव्हते, एकाच बाजूला, काचेला लागून गठ्ठ्याने. काका वास घ्यायला नाक बरणीत घालणार एवढ्यात मी हात आडवा केला. बुरशीचे बीजकण हुंगायचे नसतात. कुबट वास हातभर अंतरावरूनही येत होता.

काका बराच वेळ आळीपाळीने दोन्ही कागद बघत बसले. मग ३ चं झाकण लावताना म्हणाले, "हिला मी केराच्या टोपलीपर्यंत नेली होती रे."

ओलावा मोजला तेव्हा

माझ्याकडे एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक होतं. ते किती खोटं बोलतं हे आधी पाहायला हवं. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मापक ७१ दाखवत होतं, म्हणजे प्रत्येक आकड्यात ४ मिळवायचे.

खटक्याच्या आणि फिरकीच्या नऊही बरण्यांच्या झाकणांबद्दल आता संशय होता, तेव्हा त्या उघडल्या आणि प्रत्येकीत मापक एकेक दिवस ठेवलं. नऊ दिवस गेले यात, पण घाई कसली होती? चार मिळवून आकडे असे आले. ८ मध्ये ४१ टक्के. १२ मध्ये ७८. ११ मध्ये ६९. बाकी ५९ ते ६६ च्या दरम्यान. पाइपच्या तंबाखूला साधारण ६० ते ६५ मानवतं. ७० च्या वर बुरशीला आमंत्रण.

८ चं गणित वजनाने उलगडलं. काकांकडे त्याच खेपेतला इंग्लिश मिश्रणाचा एक जादाचा डबा, बरण्यांच्या हिशोबाबाहेरचा, न उघडलेला होता. त्यातली ५ ग्रॅम तंबाखू १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवली, ४.२ ग्रॅम उरली. म्हणजे मूळ ओलावा १६ टक्के. २०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम पाणी, १६८ ग्रॅम कोरडा माल. ८ मधली तंबाखू आता १८४ ग्रॅम भरली. निम्मं पाणी गेलेलं. ते झाकणातूनच गेलं असणार, दुसरी वाट नाही.

वायसर काढला. बोटांत धरून वाकवला तर आतल्या कडेला केसाएवढ्या भेगा उघडल्या, आणखी वाकवला तर तडकला. रबर म्हणून बरणीवर बसलेला होता इतकंच. किती वर्षांचा? काकांना आठवेना. १२ च्या फिरकीच्या झाकणात पुठ्ठ्याची चकती होती, वर्षानुवर्षं आवळून तिच्यावर काचेच्या काठाची खोल खाच पडली होती. झाकण लावून बरणी आडवी केली तर पाणी झिरपलं.

पण मग झिरपणाऱ्या १२ मध्ये पाणी वाढलं कसं? इथे काकांना जरा आढेवेढे घ्यावे लागले. सहा महिन्यांपूर्वी तिचा वास उतरलेला वाटला. वास उतरला म्हणजे वाळली, असं समजून त्यांनी सफरचंदाची फोड आत टाकली. जुना उपाय आहे, पिढ्यान्‌पिढ्या करतात. आठवड्याने काढायची होती, तीन आठवडे राहिली.

ती वाळलेली नव्हतीच. सुगंधी मिश्रणात ओल धरून ठेवणारं प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, ते सहजी कोरडं पडू देत नाही. झाकणातून वास उडाला होता, पाणी नव्हे. त्यावर फळाचं पाणी, साखर आणि सालीवरचे बीजकण. शिवाय दुपारचं ऊन. काच तापली की ओल तंबाखूतून बाहेर पडायची, रात्री काच गार झाली की खांद्याशी थेंब धरायचे आणि कडेने खाली उतरायचे. कापूस नेमका तिथेच आला होता.

१४ ची गोष्ट दोन मिनिटांत मिटली. वायसर चांगला, मऊ, पण त्या बरणीत पूर्वी लटाकियाचं मिश्रण असे. काच धुतली की वास जातो, रबराचा जात नाही.

म्हणजे चार तक्रारींपैकी एक तक्रार नव्हतीच, आणि उरलेल्या तिन्ही झाकणापाशी येऊन थांबत होत्या. खोलीची हवा निर्दोष. काका दीड वर्ष तंबाखूवर उपचार करत होते, आणि आजारी होतं झाकण.

कोणते पर्याय होते

आर्द्रतेच्या पुड्यांवर आमचा थोडा वाद झाला. ६२ किंवा ६५ टक्क्यांच्या दुहेरी पुड्या मिळतात, ओल देतातही आणि शोषतातही. रोज उघडायच्या बरणीत मला त्या मान्य आहेत. मुरवायच्या बरणीत नाहीत. झाकण घट्ट आणि भरतानाचा ओलावा योग्य असेल तर पुडीला काम नसतं, आणि झाकण सैल असेल तर पुडी ती गळती झाकून ठेवते. ८ मध्ये पुडी असती तर ती वर्षभर पाणी पाजत राहिली असती आणि एक दिवस स्वतः कडक झाली असती. तोवर वास गेलेलाच.

हवा काढून निर्वात पिशव्यांत भरायचं, हाही विचार झाला. काकांनी तो नाकारला आणि मला पटलं. मुरण्याच्या सुरुवातीला थोडी हवा लागते, आणि फ्लेक दाबून चपटे होतात ते वेगळंच. साध्या झिपच्या पिशव्या तर काही महिन्यांत ओल सोडतात.

१२ चं काय करायचं, हा खरा अवघड क्षण. काका म्हणाले, वरचे दोन इंच काढू, खालची चांगली दिसते. दिसत होती. पण तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात, भाजून किंवा उन्हात घालून बीजकण आणि बुरशीची विषं जातात असं धरून चालणं चूक, आणि हा माल धूर करून तोंडात घ्यायचा. मी म्हणालो, सगळी जाईल. दोन दिवस ती बरणी दाराबाहेर राहिली. तिसऱ्या दिवशी काकांनी स्वतः पिशवीत बांधून टाकली.

प्रत्यक्षात काय केलं

८ ला पाणी परत पाजलं, पण वजनावर. १३ टक्के ओलाव्याला १६८ ग्रॅम कोरड्या मालाचं वजन १९३ ग्रॅम व्हायला हवं, म्हणजे साधारण ९ ग्रॅम पाणी. तंबाखू पसरट भांड्यात मोकळी केली, भांड्याच्या तोंडावर शुद्ध पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं ताणून बांधलं, ते खाली टेकणार नाही अशा बेताने. दर चार-पाच तासांनी वरखाली करायची आणि वजन घ्यायचं. फवारा मारायचा नाही, एका जागी भिजते आणि दुसरीकडे कोरडीच राहते. दोन दिवसांत काटा १९३ वर आला. चिमूट दाबून सोडली तर हळूच उमलली, गोळा झाली नाही.

११ कुंपणावर होती. तिचं झाकणही पुठ्ठ्याचं, आकडा ६९. बुरशी दिसत नव्हती. कागदावर चाळीस मिनिटं पसरली, पुन्हा मोजली, ६४. वेगळी भरून सहा आठवडे इतरांपासून लांब ठेवली.

वाटणी अशी झाली. इंग्लिशपैकी ६, ७ आणि ८ लहान बरण्यांत, २५० मिलिलिटरच्या, एकीत ५० ग्रॅमच्या आसपास. ९ आणि १० मोठ्याच ठेवल्या, नवे वायसर घालून. ११ आणि १३ लहान बरण्यांत. १४ तशीच, पण पुढच्या काही महिन्यांत संपवायची. लहान बरणीचं कारण साधं आहे, मोठी बरणी एकदा उघडली की २०० ग्रॅम संपेपर्यंत रोज उघडते.

काच आधी कोमट, मग गरम पाण्याने, बिनवासाच्या साबणाने धुतली. पुसली नाही, रात्रभर उपडी आणि मग सकाळी सुलटी करून वाळू दिली. काकांनी पहिल्या वेळी धुतल्या धुतल्या फडक्याने पुसून भरल्या होत्या. मानेच्या वळणात एक थेंब राहिला तरी तो आत जन्मभर राहतो. तंबाखू खांद्यापर्यंत भरली, ठासली नाही, वर बोटभर जागा सोडली. आणि सगळ्या बरण्या खालच्या कप्प्यात नेल्या, जिथे अंधार असतो आणि तापमान २० ते २४ अंशांच्या मध्ये राहतं. त्या कप्प्याला कुलूप लावलं, कारण घरात नातवंडं येतात आणि निकोटिन लहान मुलांना विषासारखं आहे. पूर्वीची फळी निदान उंचावर होती.

दहा महिन्यांनी

प्रत्येक बरणी झाकणासकट दशांश ग्रॅमच्या काट्यावर तोलायची, महिन्यातून एकदा, वहीत टिपायचं. उघडायची नाही. घट्ट बरणीचं वजन हलत नाही, सैल असेल तर काटा महिन्या-दोन महिन्यांत सांगतो.

सांगितलंही. नव्या लहान बरण्यांपैकी एक दोन महिन्यांत १.३ ग्रॅमने उतरली. नवी बरणी, नवं झाकण. काकांनी काठावरून बोट फिरवलं आणि थांबले. काचेला नखाएवढा टवका. माल दुसऱ्या बरणीत गेला. हे नाकाने कळायला निदान वर्ष लागलं असतं.

११ मधल्या मालाला बुरशी आली नाही. ९ आणि १० चं वजन हललेलं नाही. ८ लवचीक आहे, सरळ जळते, पण उडालेली तेलं पाण्याने परत येत नाहीत. काकांचं मत, "ओढायला ठीक, वासाला पोकळ." १४ त्यांनी संपवायला घेतली आणि, काय सांगू, त्यांना ती धुराची व्हॅनिला आवडायला लागली आहे. मला त्यावर मत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूने, काचेतून बघणं, चकती दाबणं आणि वजन, हे तिन्ही उघडण्याच्या आधी. सगळी सामग्री पहिल्याच दिवशी हाताशी होती, मी सवयीने झाकणाला हात घातला.

काकांच्या बाजूने, भरण्याच्या दिवशी दहा मिनिटांची दोन कामं राहिली. एक म्हणजे नऊ जुन्या बरण्यांत अर्धं पाणी भरून, कोरड्या कागदावर उपड्या ठेवून बघणं. दुसरं, चिठ्ठीवर तारीख आणि भरलेल्या बरणीचं वजन. चार डब्यांचा हिशोब त्यांना आठवत होता म्हणून ८ चं कोडं सुटलं, नाहीतर मी अंदाजच करत बसलो असतो.

आणखी एक हिशोब त्यांनी कधीच मांडला नव्हता. एका पाइपला ३ ग्रॅम धरले तर दिवसाला एक म्हणजे वर्षाला जवळपास १.१ किलो. २.८ किलोचा सगळा साठा अडीच वर्षांत संपतो. पाच वर्षं मुरवायची आणि रोज ओढायचीही, तर दोन्ही एकाच ढिगातून निघणार नाही. मी हा आकडा मांडला तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे अजून घ्यायला हवी." मी म्हणालो, "किंवा कमी ओढायला." सध्या ते एक दिवसाआड ओढतात. कारण विचारलं तर चार आणि पाच नंबरचं नाव घेतात.

त्या दोन्ही बरण्यांच्या चकत्या अजून आत ओढलेल्या आहेत. भरल्याचा नेमका दिवस काकांना आठवत नाही, म्हणून चिठ्ठीवर नुसतं वर्ष आहे, आणि त्याखाली शिसपेन्सिलीने त्यांच्या अक्षरात वजनांची रांग, दहा महिन्यांचे दहा आकडे, सगळे सारखे.